आळीचा निरोप : टँगो गीतांतील एक जिव्हाळ्याचा विषय

टँगो हे नाव आपल्याकडे आले ते नृत्याच्या सोबतीने. विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून जी वाद्यवृंदपथके वाजवीत असत, त्यांत गोव्याच्या वादकांचा भरणा मोठा होता. वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट ह्यांच्या जोडीला टँगोचा ठेकाही त्यांच्या हातात बसलेला होता. त्यामुळे टँगो म्हटले की गुळगुळीत लाकडी फरशी, काळा पोशाख आणि संथपणे वळणारी युगुले एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या शहरात हा प्रकार वाढीस लागला, त्या ब्वेनोस आयरेसमध्ये टँगो जितका नाचला गेला तितकाच तो बसून, मान खाली घालून ऐकलाही गेला. त्याला शब्द आहेत, आणि त्या शब्दांत एक विषय इतक्या वेळा येतो की त्यास टँगोचा स्थायीभाव म्हणावयास हरकत नाही. तो विषय म्हणजे आपल्या राहत्या आळीची आठवण आणि तिचा निरोप.

ह्या गीतांत आळीला जो शब्द येतो तो ‘बार्रिओ’. पोर्तुगीज भाषेतील ‘बायरो’ हा त्याचा सख्खा भाऊ. पणजीच्या फोंतेन्यास भागातील जुन्या रहिवाशांस तो परका वाटणार नाही. दुसरा शब्द ‘आर्राबाल’, म्हणजे शहराच्या कडेची वस्ती. दोन्ही शब्द स्पेनमधील अरबी राजवटीच्या काळी त्या भाषेत शिरले, आणि दोहोंच्याही मुळाशी वेशीबाहेरचा, बाहेरच्या बाजूचा, असा अर्थ आहे. जे मुळात ‘बाहेरचे’ होते तेच पुढे मनुष्याला अगदी ‘आतले’ कसे वाटू लागले, हाच ह्या गीतांचा इतिहास होय. तो समजून घ्यावयाचा तर प्रथम त्या शहराची वाढ पाहिली पाहिजे.

१८६९ साली आर्जेन्टिनाची पहिली राष्ट्रीय शिरगणती झाली, तेव्हा ब्वेनोस आयरेसची वस्ती दोन लाखांच्या आत होती. १९१४ च्या शिरगणतीत ती पंधरा लाख पंचाहत्तर हजारांच्या घरात गेली, आणि त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे परदेशात जन्मलेली होती. इटलीचे दर्यावर्दी व मजूर, स्पेनमधील गालिसियाचे शेतकरी, पूर्व युरोपातील ज्यू, ऑटोमन मुलखातील सिरियन, असे नाना देशांचे लोक बोटींतून उतरत होते. इतक्या माणसांना राहण्यास घरे कोठून आणावयाची? त्याची सोय एका आपत्तीने अगोदरच करून ठेवली होती. १८७१ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली आणि काही महिन्यांत तेरा-चौदा हजार माणसे दगावली. दक्षिण भागातील सान तेल्मो वगैरे जुन्या वस्तीतील श्रीमंतांनी आपले वाडे सोडले व ती मंडळी उत्तरेकडे राहावयास गेली. रिकाम्या झालेल्या वाड्यांच्या खोल्या एकेका कुटुंबास भाड्याने देण्यात आल्या. ह्या वाड्यांना ‘कोन्वेंतियो’ असे नाव पडले. आपल्या भाषेत त्याला चाळ म्हणावे. मध्ये चौक, सभोवती खोल्या, पाण्याची व शौचाची जागा सामाईक, आणि एकेका खोलीत पाच-सहा माणसे.

ह्या चाळींतील भाडेकरू अगदी मुकाट होते असे समजू नये. १९०७ च्या ऑगस्टमध्ये भाडेवाढीच्या विरुद्ध त्यांनी संप पुकारला. हजारो खोल्यांचे भाडे थकविण्यात आले. बायका आणि मुले हातात केरसुण्या घेऊन रस्त्यांवरून मिरवणुकीने निघाली. अन्याय झाडून काढावयाचा, असा त्या केरसुण्यांचा अर्थ होता. पोलिसांनी अग्निशामक दलाच्या नळ्यांतून ऐन हिवाळ्यात थंड पाण्याचे फवारे मारून बिऱ्हाडे बाहेर काढली. १९०२ च्या परकीयांविषयीच्या कायद्याचा आधार घेऊन संपातील कित्येक पुढाऱ्यांची देशाबाहेर रवानगी झाली. संप मोडला, आणि भाडेकऱ्याची जागा कायद्याच्या दृष्टीने जेथे होती तेथेच राहिली.

त्यांना चाळीबाहेर काढण्याचे जे काम संपाला साधले नाही, ते ट्रॅमगाडीने केले. १८९७ पासून शहरात विजेची ट्रॅम धावू लागली. शहराच्या कडेला ज्या मोकळ्या जमिनी होत्या, त्यांचे लहान लहान तुकडे पाडून लिलावाने आणि मासिक हप्त्यांवर विकण्याचा धंदा जोरात चालू झाला. गवंडी, सुतार, ट्रॅमचा कंडक्टर, शिंपी, असा हातावर पोट असलेला मनुष्य एक तुकडा विकत घेई, सुटीच्या दिवशी स्वतःच विटा रचून एक खोली उभारी, आणि बायकोमुलांना चाळीतून तेथे नेई. पुढे दुसरी खोली, मागे द्राक्षाचा मांडव, कोपऱ्यावर वाण्याचे दुकान, दुकानासमोर दिव्याचा खांब. अशा रीतीने बोएदो, पोम्पेया, आल्माग्रो, विया क्रेस्पो ही नावे पंचवीस-तीस वर्षांच्या आत आळीची नावे झाली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या आळीला पुरते तीस वर्षांचे वयही नाही, तिच्याविषयी एवढा गहिवर कोठून आला? आपण साधारणतः असे धरून चालतो की आठवणीला पिढ्यांचे खत लागते. आजा-पणजा जेथे राहिला तेथेच मनुष्याचे मूळ रुजते. बोटीतून उतरलेल्या पहिल्या पिढीची आठवण जेनोव्हाकडे किंवा गालिसियाकडे धाव घेत होती, हे खरेच. परंतु त्यांच्या मुलांनी ते गाव पाहिले नव्हते. आईबापांच्या तोंडून ऐकलेले गाव हे त्यांना गोष्टीतल्या गावासारखे. त्यांच्या पायाखाली जी पहिली जमीन आली ती ह्या नव्या आळीच्या चिखलाची. बापाजवळ आठवणीतला देश होता. मुलाजवळ एक कोपरा, एक कुंपण आणि एक दिव्याचा खांब एवढेच होते, आणि त्याने तेवढ्यालाच देश मानले. टँगोतील आळीची थोरवी ह्या दुसऱ्या पिढीने निर्माण केलेली आहे.

त्या भावनेला प्रथम अक्षररूप दिले ते टँगोकाराने नव्हे, तर एका अल्पायुषी कवीने. एवारिस्तो कार्येगो हा १८८३ साली पाराना नावाच्या गावी जन्मला, लहानपणीच ब्वेनोस आयरेसच्या पालेर्मो भागात आला, आणि १९१२ मध्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. त्याच्या हयातीत त्याचे एकच पुस्तक निघाले, १९०८ साली. त्यातील एका विभागात त्याने उपनगराच्या आत्म्याविषयी लिहिले. क्षयाने झिजणारी शिवणकाम करणारी मुलगी, रस्त्यावर पेटी फिरवीत जाणारा आंधळा, दारात बसलेली शेजारीण, अशी माणसे त्याच्या कवितेत आली. कवितेला हे विषय तोपर्यंत क्षुद्र वाटत होते. पुढील वीस-पंचवीस वर्षांतील टँगो गीतकारांनी आपला अर्धा मालमसाला त्याच्याकडून उचलला.

टँगोला गोष्ट सांगणारे शब्द मिळाले ते १९१७ साली, असे सामान्यतः मानतात. सामुएल कास्त्रिओता ह्याच्या एका चालीवर पास्क्वाल कोन्तुर्सी ह्याने शब्द बसविले आणि कार्लोस गार्देल ह्याने ते ‘मी नोचे त्रिस्ते’ ह्या नावाने गाऊन ध्वनिमुद्रित केले. स्त्री सोडून गेल्यावर रिकाम्या खोलीत उरलेला पुरुष त्यात बोलतो. परंतु तो आपल्या दुःखाचे वर्णन फारसे करीत नाही. तो खोलीतील वस्तूंकडे बोट दाखवीत जातो. गिटार, आरसा, दिवा. आम्हा वकिलांना हा प्रकार ओळखीचा आहे. जागेचा पंचनामा करताना कारकून असाच एकेका वस्तूची नोंद करीत जातो. मात्र त्या नोंदीत वस्तूची किंमत येते आणि ह्या नोंदीत वस्तूची ओळख येते. पुढे टँगोने हीच रीत खोलीबाहेर काढून सबंध आळीला लावली.

आणि लवकरच त्या नोंदीची गरजही पडली. १९२६ साली बेन्हामीन ताग्ले लारा ह्याने ‘पुएन्ते आल्सीना’ हे गीत रचले. हे नाव शहराच्या दक्षिण सीमेवरील रियाच्वेलो नदीवरच्या एका पुलाचे आहे. नवा डांबरी रस्ता आला आणि त्यात आपली जन्मवस्ती गेली, हे त्या गीतातील गाऱ्हाणे. त्या वेळी शहर खरोखरच असे बदलत होते: रस्ते फरसबंद होत होते, ओढे बुजविले जात होते, गॅसच्या दिव्यांच्या जागी विजेचे दिवे येत होते. पुढच्याच दशकात शहराच्या मध्यभागी सबंध घरांच्या रांगा पाडून ‘९ जुलै’ नावाचा प्रचंड रुंद मार्ग काढण्यात आला; त्याचा पहिला भाग १९३७ मध्ये खुला झाला. ज्या आळीला उभे राहण्यास तीस वर्षे लागली, तिला निरोप देण्याची पाळी तिसाव्या वर्षीच आली.

ह्या ठिकाणी कायदा काय म्हणत होता ते पाहण्यासारखे आहे. आर्जेन्टिनाच्या १८५३ च्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमात मालमत्ता अनुल्लंघनीय ठरविलेली आहे. सार्वजनिक उपयोगासाठी ती घ्यावयाची तर तसा कायदा झाला पाहिजे आणि भरपाई आधी दिली पाहिजे. कलम उत्तमच आहे. पण भरपाई कोणास? ज्याच्या नावावर खरेदीखत आहे त्यास. भाडेकऱ्याला फार तर बिऱ्हाड हलविण्यास मुदत मिळे. आणि ज्याचे घर शाबूत राहिले पण ज्याच्या घरासमोरची सबंध रांग नाहीशी झाली, त्या शेजाऱ्याचे काय गेले? कायद्याच्या भाषेत त्याचे काहीच गेले नाही.

भाडेकऱ्याकडे कायद्याने अजिबात पाहिले नाही असे म्हटल्यास मात्र अन्याय होईल. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली तेव्हा १९२१ मध्ये काँग्रेसने कायदा करून दोन वर्षांपुरती भाडी १९२० च्या आरंभीच्या पातळीवर गोठविली. घरमालक न्यायालयात गेले. १९२२ साली एर्कोलानो ह्या नावाने गाजलेल्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. मालमत्तेचा हक्क निरंकुश नाही, निवारा ही मनुष्याची टाळता न येणारी गरज आहे, असा निकालाचा रोख होता. न्यायालयाचे अध्यक्ष बेर्मेहो ह्यांनी मात्र आपले भिन्न मत नोंदविले. तीनच वर्षांनी, १९२५ मध्ये, तीच सवलत पुढे चालू ठेवणारा कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला, कारण आता आणीबाणी उरली नव्हती. पुढच्याच वर्षी ‘पुएन्ते आल्सीना’ रचले गेले. न्यायालयाने भाडेकऱ्याच्या निवाऱ्याचा विचार केला. त्याच्या आळीचा विचार करण्याचे साधन न्यायालयापाशी नव्हते. ते काम गीतकारांच्या वाट्यास आले.

येथून पुढे निरोपाचे दोन प्रकार दिसू लागतात. एकात आळी मनुष्याला सोडून जाते, दुसऱ्यात मनुष्य आळीला. दुसऱ्या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध नमुना १९२७ चा ‘आदिओस मुचाचोस’. सेसार वेदानी ह्याचे शब्द, हुलिओ सेसार सान्देर्स ह्याची चाल. आजाराने खचलेला एक मनुष्य आपल्या नेहमीच्या टोळक्याचा निरोप घेतो. १९५१ साली ह्याच चालीवर अमेरिकेत इंग्रजी शब्द बसविले गेले आणि लुई आर्मस्ट्राँगसारख्यांनी ते गाणे गाजविले. पण ते झाले एक साधे प्रेमगीत. चाल समुद्र ओलांडून गेली, निरोप बंदरातच राहिला.

परदेशातून लिहिलेली गीते हा ह्याच प्रकाराचा एक पोटभेद. एन्रिके कादीकामो ह्याने १९३१ साली ‘आन्क्लाओ एन पारीस’ लिहिले. पॅरिसमध्ये पैशाअभावी अडकून पडलेला एक आर्जेन्टिनी मनुष्य खिडकीतून बर्फाकडे पाहत आपल्या शहरातील रस्त्यांची आठवण काढतो, अशी त्याची कल्पना. कादीकामो तेव्हा बार्सिलोनात होता, आणि गार्देल फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर. तेथेच गार्देलचा गिटारवादक बार्बिएरी ह्याने त्यास चाल लावली. तसेच गार्देलच्या चित्रपटांचे. उपनगराचे गुणगान करणारे ‘मेलोदिया दे आर्राबाल’ हे गीत ज्या चित्रपटात आहे, तो पॅरिसजवळच्या झ्वांव्हिल येथील चित्रशाळेत तयार झाला व १९३३ मध्ये प्रदर्शित झाला. ‘मी ब्वेनोस आयरेस केरिदो’ हे १९३४ चे गीत आणि परतीचा ध्यास सांगणारे ‘व्होल्वेर’ ही दोन्ही अल्फ्रेदो ले पेरा ह्याने शब्दबद्ध केली आणि दोन्ही चित्रित झाली ती न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातील चित्रशाळेत. ब्वेनोस आयरेसच्या दिव्याचा उजेड न्यूयॉर्कच्या चित्रशाळेतील दिव्यांखाली गायिला गेला.

ह्यात खोटेपणा आहे काय? मला तसे वाटत नाही. गार्देलने १९३३ च्या नोव्हेंबरात ब्वेनोस आयरेस सोडले. २४ जून १९३५ रोजी कोलंबियातील मेदेयिन येथे विमानाच्या अपघातात तो आणि ले पेरा दोघेही मृत्यू पावले. परतीचे गीत गाणारा गायक १९३६ च्या फेब्रुवारीत शवपेटीतून परतला, आणि त्याच्या अंत्ययात्रेस लोटलेली गर्दी त्या शहराने क्वचितच पाहिली असेल. दूर गेल्यावरच आळीचा आकार दिसतो, ही गोष्ट त्या गीतांत अनुभवाने आलेली आहे.

आळी आणि मनुष्य एकमेकांस सोडून जातात, हे दोन्ही प्रकार ज्याच्यात एकत्र आले तो कवी होमेरो मान्सी. त्याचा जन्म १९०७ साली दूर उत्तरेकडील सान्तियागो देल एस्तेरो प्रांतात आन्यातुया ह्या गावी झाला. पोरवयात तो ब्वेनोस आयरेसला आला आणि पोम्पेया भागातील लुप्पी विद्यालयात निवासी विद्यार्थी म्हणून राहिला. वसतिगृहाच्या भिंतीपलीकडे शहर संपत होते: सखल जमीन, पुराचे पाणी, रेल्वेचा बांध, पलीकडे मोकळे रान. पुढे तो कायद्याचा विद्यार्थी झाला. १९३० च्या लष्करी उठावानंतर राजकीय मतांपायी त्याला विद्यापीठास मुकावे लागले. कायद्याचे शिक्षण अपुरे राहिले, पण त्याची एक सवय त्याच्यात उरली असावी असे त्याची गीते वाचताना वाटते.

१९४८ साली त्याने ‘सुर’, म्हणजे दक्षिण, हे गीत लिहिले. आनिबाल त्रोइलो ह्याने चाल बांधली आणि त्याच्याच वाद्यवृंदासह एदमुन्दो रिवेरो ह्याने ते प्रथम गायिले. त्या गीताची सुरुवात एका पत्त्याने होते: सान हुआन आणि बोएदो ह्या दोन रस्त्यांचा कोपरा. पुढे पोम्पेया येते, त्यापलीकडचा पूर येतो, लोहाराच्या दुकानाचा कोपरा, चिखल आणि रान. आपल्याकडे कोणताही जमिनीचा दस्तऐवज लिहिताना मिळकतीची चतुःसीमा लिहावी लागते: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. चतुःसीमा नसेल तर मिळकत ओळखता येत नाही आणि हक्क सांगता येत नाही. मान्सीने आपल्या आठवणीची चतुःसीमा लिहून ठेवली. मात्र शेवटी तो हक्क सांगत नाही. आळी बदलली, ती मुलगी गेली, आणि त्या काळी जो मी होतो तोही गेला, अशा कबुलीवर गीत थांबते. दाव्याचे सर्व पुरावे दाखल करून मग दावा काढून घ्यावा, तसा हा प्रकार आहे. तीन वर्षांनी, १९५१ च्या मे महिन्यात, मान्सी वारला.

आता ह्या सर्व मंडळींची जन्मस्थाने एकत्र मांडून पाहू. कार्येगो पारानाचा. कोन्तुर्सी चिविल्कोय गावचा. मान्सी आन्यातुयाचा. ले पेरा ह्याचा जन्म ब्राझिलमधील साओ पावलोचा. गार्देलच्या जन्मस्थानाविषयी उरुग्वेकरांचे म्हणणे निराळे असले तरी कागदपत्रे फ्रान्सातील तुलूझकडे बोट दाखवितात. तो आईच्या कडेवर बसून ब्वेनोस आयरेसला आला आणि पुढे आबास्तो ह्या बाजारपेठेच्या भागाचे नावच त्याला चिकटले. ज्या शब्दांनी ती आळी जगाला ठाऊक झाली, ते शब्द असे बाहेरून आलेल्यांचे आहेत. जन्माने मिळालेला हक्क त्यांच्यापाशी नव्हता आणि खरेदीखतही बहुतेकांपाशी नव्हते. लहानपणी तेथे वावरलो आणि विसरलो नाही, एवढ्या वहिवाटीवर त्यांनी ती आळी आपली केली. मला टँगोचा इतिहास महत्त्वाचा वाटतो तो ह्यासाठी. आळी ही रक्ताने किंवा कागदाने मिळते असे मानणाऱ्यांस त्या शहराने वेगळे उत्तर दिले.

ह्या गीतांवर आक्षेप घेणारेही थोर आहेत. होर्हे लुईस बोर्हेस हा लेखक पालेर्मोच्याच आळीत वाढला आणि १९३० मध्ये त्याने कार्येगोवर एक पुस्तक लिहिले. परंतु रडका टँगो त्याला मानवत नसे. जुन्या मिलोंग्यांतील धीट, हसरी, चाकूला चाकूने उत्तर देणारी वृत्ती त्याला अधिक प्रिय. आळीचे दुःख गाऊन आपण तिला गुळचट करून टाकतो, हा त्याच्या आक्षेपाचा मथितार्थ, आणि त्यात तथ्य आहे. क्षय, दारू, बायकांना होणारी मारहाण, खोलीभर माणसे, ह्यांतून सुटण्यासाठीच तर लोक चाळीतून बाहेर पडले होते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पुरुष आळी सोडतो तेव्हा गीत त्याच्यासाठी अश्रू ढाळते. बाई आळी सोडते तेव्हा तेच गीत तिला दोष देते. सेलेदोनिओ फ्लोरेस ह्याच्या १९१९ च्या ‘मार्गोत’ ह्या गीतात चाळीत वाढलेली मार्गारिता आता श्रीमंतांच्या संगतीत मार्गोत झाली, आणि तिची आई अजून कपडे धुऊन पोट भरते, असा टोमणा आहे. खोलीत सहा माणसे आणि दिवसभर शिवणाचे यंत्र, ह्याखेरीज त्या मुलीपुढे कोणती वाट होती, हे विचारण्याची तसदी गीतकाराने घेतलेली नाही. ह्याला उत्तर फार उशिरा आले. दक्षिणेकडील आवेय्यानेदा ह्या कामगारवस्तीत १९३१ साली जन्मलेल्या एलादिया ब्लास्केस ह्या गीतकर्त्रीने १९७५ च्या सुमारास ‘एल कोरासोन आल सुर’ लिहिले. हृदय दक्षिणेकडे, असा त्या नावाचा अर्थ. आळीबाहेर पडलेली स्त्री तेथे अपराधी नाही. आईबापांच्या अंगणाची आठवण ती ताठ मानेने सांगते.

आठवणीचा बाजारही झाला, हे नमूद केले पाहिजे. ‘कामिनितो’ म्हणजे लहानशी वाट. १९२६ च्या ह्या गीताची चाल ला बोका ह्या बंदराच्या वस्तीत जन्मलेल्या हुआन दे दिओस फिलिबेर्तो ह्याची. शब्द गाबिनो कोरिया पेन्यालोसा ह्याचे, आणि कवीच्या मनातील वाट होती ती ला रिओहा प्रांतातील ओल्ता गावाकडची, रानातली. पुढे ला बोकातील एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या जागेला चित्रकार किन्केला मार्तीन ह्याच्या खटपटीने हेच नाव मिळाले, आणि १९५९ मध्ये ती रंगीबेरंगी गल्ली खुली झाली. आज तेथे पर्यटकांची रीघ असते. रानातल्या वाटेचा निरोप शहरातल्या गल्लीला चिकटला. त्यात फिलिबेर्तोच्या वस्तीचा मान राखला गेला हे खरे. परंतु रंगविलेल्या पत्र्यांकडे पाहून त्यामागच्या खोल्यांतील दाटी कोणाच्या ध्यानात येत नाही.

ह्याच्या उलट, आठवण जेथे पुराव्याच्या कामी आली असे एक उदाहरण देऊन हा लेख संपवितो. १९७६ मध्ये आर्जेन्टिनात लष्करी हुकूमशाही आली. शहराच्या लष्करनियुक्त प्रशासकाने मोठमोठे मोटारमार्ग काढण्याचे ठरविले. सान तेल्मोपासून पश्चिमेकडे जाणाऱ्या ‘२५ मे’ ह्या उंच मार्गासाठी दक्षिणेकडील आळ्यांतून घरांचे पट्टेच्या पट्टे पाडण्यात आले. डिसेंबर १९८० मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. पाडलेल्या इमारतींत सान तेल्मोतील एक सरकारी इमारतही होती. तिच्या तळघरात १९७७ साली ‘क्लुब आत्लेतिको’ ह्या सांकेतिक नावाने गुप्त तुरुंग चालविला गेला होता, आणि तेथे नेलेल्यांपैकी बहुतेकांचा पुढे पत्ता लागला नाही. वर रस्ता झाला, खाली तळघर बुजले. हुकूमशाही १९८३ मध्ये संपली. देशांतर करून गेलेल्या फेर्नान्दो सोलानास ह्या दिग्दर्शकाने १९८५ मध्ये पॅरिसमधील निर्वासितांवर आणि १९८८ मध्ये तुरुंगातून सुटून आपल्या आळीत परतणाऱ्या कैद्यावर चित्रपट काढले. दुसऱ्याचे नाव त्याने ‘सुर’ हेच ठेवले, आणि त्यात मान्सी-त्रोइलोंच्या परंपरेतील गायक रोबेर्तो गोयेनेचे रात्रीच्या रस्त्यांत गातो. २००२ पासून त्या उंच मार्गाच्या खाली उत्खनन चालू झाले. सुटून आलेल्यांनी सांगितलेल्या खोल्या, भिंती आणि जिना ह्यांचे अवशेष मातीखाली सापडत गेले. येथे कोठे काय होते हे सांगणारी माणसे शिल्लक होती, म्हणून कोठे खणावे ते कळले.

२००९ मध्ये आर्जेन्टिना आणि उरुग्वे ह्या दोन देशांच्या विनंतीवरून युनेस्कोने टँगोचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. सन्मान योग्यच आहे. परंतु त्या आळीतील माणसांना त्यापूर्वीच एक न्याय मिळालेला होता. सान हुआन आणि बोएदो ह्यांच्या कोपऱ्यावरील कॅफेला आज मान्सीचे नाव आहे. त्या रस्त्यांवर १९२० च्या आगेमागे कोण भाडेकरू राहत होते, कोणाचे बिऱ्हाड कोणत्या वर्षी उठले, हे शोधू गेल्यास दप्तरात फारसे हाती लागणार नाही. त्यांचा कोपरा कोणता होता, हे मात्र टँगो ऐकणारा कोणीही मनुष्य सांगू शकतो.